बरण्यांना औषध

मम्मीच्या हाताला कित्येक वर्षं एकच वास होता आणि तो भाकरीलापण यायचा. म्हणजे खरं तर यायचा नसेल. ती तीन-तीनदा साबण लावायची, वर लिंबाची फोड चोळायची, पप्पा तर शपथेवर सांगायचे की कसला वास, काही नाही. पण मला यायचा. घास तोंडाजवळ नेला की नाकात आधी तो वास जायचा, मग ज्वारीचा. अजूनही कंपनीत कुठं नवीन प्लायवूड आलं किंवा लॅबमधली बाटली उघडली, की लाइनवरच्या बत्तीस जणांमधून मी एकटीच मान वर करून बघते. मैत्रीण म्हणते, काय झालं गं? काय सांगणार? सांगायला बसले तर साप, मामा, म्युझियम, सोनाबाई आजी सगळंच सांगावं लागतं. म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. पप्पा म्हणतात आठवणी लिहायच्या तर केस पांढरे होऊ दे आधी. पण मला नाही थांबता येत. माझा स्वभावच तसा आहे, आणि त्याच स्वभावानं काय झालं तेच तर सांगायचंय.

तर आम्ही कुरुळीत राहायचो. कुरुळी म्हणजे चाकणच्या कंपन्यांच्या पट्ट्यातलं गाव, अर्धं गाव गावकऱ्यांचं आणि अर्धं आमच्यासारख्यांचं, जे लातूर-परभणीकडून शिफ्टला जायला इथं आलेत. पत्र्याची एक ओळ, आठ खोल्या, समोर एकच नळ. आमच्या खोलीत मी, मम्मी, पप्पा, आणि मम्मीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दिगूमामा. शाळेत पोरी माझ्या बोलण्यावर हसायच्या. मी चुकून "काय करलालीस?" म्हटलं की दिवसभर माझ्यामागं "करलालीस, करलालीस" चालायचं. मी पुण्यासारखं बोलायला शिकले, मम्मी कधीच शिकली नाही. मामाला तर फरकच पडायचा नाही, तो सापाशीपण लातूरचंच बोलायचा. "थांब की बे, कुठं पळलालास?"

मामा साप पकडायचा. म्हणजे नोकरी कंपनीतच, इकडं सगळ्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, पण फोन आला की कधीपण जायचा. कुणाच्या वॉशिंग मशिनमागं धामण, कुणाच्या पार्किंगमध्ये घोणस. पकडून डोंगराच्या बाजूला सोडून यायचा, मारायचा नाही. आणि रस्त्यावर गाडीखाली आलेला साप दिसला, की तो पिशवीत घालून सरांकडं नेऊन द्यायचा.

सर म्हणजे प्राणिशास्त्राचे रिटायर्ड शिक्षक. गावाच्या कडेला एका जुन्या गोदामाच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांनी आयुष्यभर जमवलेले प्राणी मांडले होते. दारावर पाटी होती, निसर्ग संग्रहालय. गावातले लोक म्हणायचे पेंढ्याचं म्युझियम, कारण पहिल्या खोलीत सगळे पेंढा भरलेले. एक बिबट्या, त्याचा एक डोळा पडला होता म्हणून सरांनी तिथं गोटी बसवली होती, हिरवी. एक गिधाड, एक मुंगूस, दोन तोंडांचं करडू. दुसऱ्या खोलीत बरण्या. विंचू, मासे, पाली आणि साप. शाळेच्या सहली यायच्या, पोरं बिबट्यासोबत फोटो काढायची, बरण्यांच्या खोलीत मात्र दारातूनच बघून पळायची. मी नव्हते पळत. मामाचा हात धरून मी प्रत्येक बरणी वाचलीय.

आणि मी मामाची फोटोग्राफर होते. ही माझी पोस्ट. साप धरला की मामा खिशातला फोन मला द्यायचा आणि म्हणायचा, "फोटोग्राफर, घे." गॅलरीत दोनशे-अडीचशे साप असतील, सगळे मी काढलेले. मामा कधी त्यात नसायचा, फार तर हात. "माझं थोबाड कशाला, पाहुण्याचं काढ," म्हणायचा. साप म्हणजे पाहुणा.

मी सहावीत होते. गुरुवार होता, शाळा सकाळची. आमच्या ओळीच्या मागं एक छोटं वर्कशॉप होतं, तिथं भंगाराच्या ढिगात साप निघाला. मामा आंघोळीला बसला होता. आता बघा, फोन त्याला वर्कशॉपवाल्यांनी नाही केला. मी धावत गेले. मीच ओरडले, मामा चल, नाग आहे नाग, फणा काढलाय! कारण माझ्या वर्गातल्या दोन पोरी तिथं उभ्या होत्या, त्याच, करलालीसवाल्या. मला दाखवायचं होतं की माझा मामा कोण आहे.

मामानं पाच मिनिटांत धरला. शेपूट एका हातात, सापाच्या काठीची आकडी खाली, नाग डोलतोय, सगळे लांब. त्यानं मला फोन दिला. मी म्हटलं, आज तूपण ये फोटोत. तो नको नको म्हणाला. मी म्हटलं, या पोरी बघतायत मामा, ये ना. तो आला. मी एक काढला. बघितलं तर त्याचे डोळे मिटलेले. मी म्हटलं, "अजून एक. डोळे मिटलेत तुझे."

तो वळला माझ्याकडं, डोळे मोठ्ठे करून, मुद्दाम, मला हसवायला. आणि मी बटण दाबलं.

तो ओरडलापण नाही. नुसतं "आ" म्हणाला, काटा लागल्यासारखं. वर्कशॉपमधल्या पोरांनी पाइपनं नागाला मारलं, मामा नको नको म्हणत असतानाच मारलं. मेलेला नाग रंगाच्या रिकाम्या बादलीत घातला, दवाखान्यात दाखवायला, कोणता चावला ते. टेम्पो काढला. मम्मी पुढं बसली, मी मागं मामाजवळ, बादली माझ्या पायाशी. आणि चाकणचा चौक. गुरुवारी कंपन्या बंद असल्या तरी कंटेनर चालूच, एक आडवा झालेला, पुढं काही हलेना. औषध होतं दवाखान्यात, हे मला नंतर कळलं. होतं, तयार ठेवलं होतं, कुणीतरी फोन करून ठेवला होता. औषध चौकाच्या पलीकडं होतं आणि आम्ही अलीकडं. मामाच्या पापण्या खाली यायला लागल्या. मी त्याला हलवत होते, मामा डोळे उघड, डोळे उघड. त्यानं एकदा उघडले. जीभ जड झाली होती, तरी मला समजलं.

"फोटो आला का?"

मी म्हटलं, आला.

दवाखान्याच्या पायरीवर मी बसले होते तेव्हा मामाचा फोन माझ्याच हातात होता. आतून मम्मीचा आवाज आला. तो आवाज मी लिहू शकत नाही, सोडून देते. मी फोन उघडला. पहिला फोटो, डोळे मिटलेले. तो डिलीट केला. दुसरा फोटो. त्यात मामा हसत होता, दात दिसत होते, केसांना अजून साबणाचा फेस होता कानाजवळ. आणि खाली, त्याच्या मनगटाजवळ, ते. मी तो पण डिलीट केला. मग डिलीट केलेले जिथं राहतात तिथं जाऊन तिथूनपण काढला. एवढं मला येत होतं. बारा वर्षांची होते, पण फोन मला येत होता.

कुणालाच माहीत नव्हतं. लोकांनी एवढंच बघितलं होतं की नागानं दंश केला. पोरी तर पहिल्या फोटोनंतरच घाबरून पळाल्या होत्या.

नंतर मम्मी तो फोन घेऊन बसायची. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. ती बोटानं पुढं पुढं सरकवत राहायची, साप, साप, साप, हात, साप. एकदा म्हणाली, "एवढे फोटू काढली पोरगी, ह्याचा एकबी नाई?" मी पाणी प्यायला उठले. शेवटी कंपनीच्या गेटपासवरचा फोटो मोठा करून लावला. त्यात मामा असा दिसतो जसं त्याला कुणी रागावलंय. मम्मी रोज त्याच्याकडं बघायची आणि म्हणायची, हा दिगू नाही.

आता नागाचं काय झालं ते. बादली टेम्पोतच राहिली होती. सर दवाखान्यात आले होते, मामा त्यांचा लाडका. जाताना तेच बादली घेऊन गेले. आणि नाग बरणीत गेला, एकतीस नंबर. सरांच्या वहीत प्रत्येक प्राण्याच्या पुढं एक रकाना आहे, देणगीदार. एकतीसच्या पुढं सरांनी मामाचं पूर्ण नाव लिहिलं. मी खूप वर्षं त्यांच्यावर चिडले होते या गोष्टीसाठी. आता वाटतं, म्हातारा माणूस, त्याला दुसरं कसं रडायचं ते माहीत नसेल.

पुढच्या वर्षी सरांकडची झाडणारी बाई गाव सोडून गेली आणि सर आमच्या खोलीवर आले, दारातच उभे राहिले, मम्मीला म्हणाले, "येशील का?" पप्पा म्हणाले, अजिबात नाही, तिथं तो आहे. मम्मी म्हणाली, "दिगूबी तिथं जायचा की." आणि गेली.

मम्मीचं काम असं: बिबट्याला मऊ ब्रश मारायचा, कपाटांत डांबरगोळ्या टाकायच्या, काचा पुसायच्या, आणि महिन्यातून एकदा बरण्या भरायच्या. बरणीतलं पाणी हळूहळू उडतं, झाकण कितीही घट्ट असलं तरी. मग कॅनमधून वर घालावं लागतं. सरांनी तिला हातमोजे दिले, खिडक्या उघडायला शिकवलं, नाव सांगितलं, फॉर्मलिन. मम्मी म्हणायची औषध. "बरण्यांना औषध पाजून येते," असं म्हणून निघायची, जसं काही त्या आजारी पडल्यात. मी शाळेतून थेट तिथंच जायचे. बिबट्याच्या पायाशी बसून डबा खायचा, गृहपाठ करायचा. वर पंखा, खाली रस्त्यावर ट्रेलरचे हॉर्न, आणि गोटीच्या डोळ्याचा बिबट्या. बाकी कुणाची मला भीती नव्हती. एकतीस नंबरची होती.

कारण वर्गातली एक पोरगी मला म्हणाली होती, नागाच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो राहतो. कायमचा. नागीण येते ना, ती तो फोटो बघूनच शोधत येते. सगळ्यांना माहीत असतं हे, तुम्हालाही माहीत असेल. मी त्या रात्रीपासून विचार करत राहिले. मारलं पाइपवाल्या पोरांनी. पण मामाला कुणी मारलं? त्या वेळी नाग कुणाकडं बघत होता? मी फोन धरून समोर उभी. त्यानं माझा फोटो काढला होता, ज्या क्षणाला मी त्याचा काढला. आणि त्याचा डिलीट होत नाही.

सरांनी दोऱ्यानं त्याचा फणा ताणून बसवला होता, तोंड बरोबर माझ्या उंचीला. औषधात डोळा पांढरा पडतो, शिजलेल्या माशासारखा. मी एकदाच जवळ जाऊन बघितलं होतं, सातवीत. काचेत मला पोरगी दिसली, वेणी, शाळेची ओढणी. मला कळत होतं की ते प्रतिबिंब आहे. विज्ञानात पैकीच्या पैकी मार्क होते मला. तरी मी तिथून जी निघाले ती जिन्यावर दोन पायऱ्या चुकून पडले. आणि पुढची दोन वर्षं मला स्वप्नात मामा नाही दिसला, फक्त त्याचा आवाज, जड, "फोटो आला का?"

मग माझ्या लक्षात आलं की एकतीस नंबरचं पाणी कमी होतंय. बाकी सगळ्या बरण्या गळ्यापर्यंत भरलेल्या आणि ही खाली खाली. मी मम्मीला विचारलं. ती फडकं पिळत होती. म्हणाली, "माझ्या भावाला भेटलं नाई औषध. ह्याला कशाला पाजू?"

सर विचारायचे, "सगळ्या भरल्या ना?"

"व्हय सर."

सरांना मोतीबिंदू झाला होता, त्यांना बरणी दिसायची, पाणी दिसायचं नाही. आणि मी? मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. आटू दे. वाळू दे. डोळा वाळला की फोटो गेला. म्हणजे आम्ही दोघी मायलेकी एकाच नागाच्या वाळण्याची वाट बघत होतो, एकमेकींना न सांगता, आणि तिला वाटायचं मी तिच्या बाजूनं आहे. आठवीत पाणी फण्याच्या खाली आलं. नववीत मानेच्या. डोकं उघडं पडलं, चामडी सुकलेल्या मिरचीसारखी आत ओढली गेली.

घरी मम्मीनं नागपंचमी सोडली होती. नुसती सोडली नव्हती. त्या दिवशी काही कापायचं नसतं, चिरायचं नसतं, तवा ठेवायचा नसतो, आपल्याकडं सगळे उकडलेलंच खातात. मम्मी त्या दिवशी मुद्दाम दारात विळी घेऊन बसायची. कांदे, वांगी, दोडके, जे असेल ते. खच्, खच्, खच्. ओळीतल्या बायका पुरणाची दिंडं उकडतायत, हातांना मेंदी, आणि आमच्या दारातून तो आवाज. पप्पा त्या दिवशी ओव्हरटाइम मागून घ्यायचे. आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. मम्मी त्या दिवशी दोनदा जेवायची.

मी नववीत असताना नागपंचमीच्या आधी गावातलं वारूळ गेलं. ओढ्याजवळ होतं, पिढ्यान्‌पिढ्या बायका तिथं जायच्या, पण तिथं ट्रकचं पार्किंग झालं, एका दिवसात सपाट. म्हणून पंचमीच्या सकाळी संग्रहालयाच्या जिन्यावर बांगड्या वाजल्या. सहा-सात बायका, हातात ताटं, लाह्या, दूध, हळद-कुंकू. पुढं सोनाबाई आजी. आजी गावची जुनी, सत्तरीची, तिच्याच शेतावर आता कंपनी उभी होती. शाळेला सुट्टी होती, मी बिबट्यापाशी बसले होते. मम्मी दारात आडवी उभी राहिली.

"आज बंद हाय," मम्मी म्हणाली.

"बंद हाय तर तू काय बिबट्याला न्हाऊ घालाय आलीस व्हय?" आजी म्हणाली. बायका हसल्या. "सरक बाय. आमाला नागोबा पायजे. वारूळ नेलं त्या मुडद्यांनी, आता आमी जायाचं कुठं?"

"इथं देव नाई. मेलेला हाय त्यो."

"मेला म्हून काय झालं? देव्हाऱ्यातला टाक काय जित्ता असतो?"

मागून एक तरुण बाई, सुनेसारखी दिसणारी, म्हणाली, "मावशी, जास्त वेळ नाही लागणार, मला सेकंड शिफ्ट आहे." दुसरी आत डोकावून म्हणाली, "ती बघा, ती धामण चालेल का? ती भरलेली दिसतेय छान."

"धामणीला फणा कुठाय? उद्या म्हनशील गांडुळाला ओवाळू," आजी म्हणाली.

मम्मी एकदम म्हणाली, "त्यानं माझा भाऊ खाल्लाय."

खाली एक ट्रेलर रिव्हर्स घेत होता, त्याचं टुं टुं तेवढं. गावातल्यांना मामा गेल्याचं माहीत होतं, पण तोच नाग वर बरणीत बसलाय हे बायकांना माहीत नव्हतं. दुधाचं ताट धरलेली बाई एक पाऊल मागं गेली.

आजी नाही गेली. ती म्हणाली, "बाय गं. आमी बी भावाकडंच आलोय. जिला भाऊ न्हाई तिचा ह्यो भाऊ, आसं आमची आय सांगायची."

"मला होता भाऊ!" मम्मी ओरडली. तिचा आवाज तसा मी एकदाच ऐकला होता, पायरीवर बसून. "मला होता. ह्याला करू व्हय भाऊ? न्या. घेऊन जा ह्याला. कायमचा न्या, ओढ्यात टाका, पुजा, काय करायचं ते करा." ती आत गेली, बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि आणून टेबलावर आपटली. आतलं थोडंसं पाणी हिंदकळलं. वाळलेलं डोकं काचेवर टक् करून आपटलं.

आजी वाकली. जवळून बघितलं. "आगं," ती हळू म्हणाली, "ह्यो तर तान्हेला हाय." मग पदरानं काच पुसली, अजून वाकली. "डोळा पार वाळलाय की. डोळ्यात मानूस ऱ्हातंय म्हनत्यात नागाच्या. ह्याच्या डोळ्यात कोन हाय म्हनायचं, आता काय दिसंना."

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. मला खरंच वाटतं माझं तोंड माझ्या आधी बोललं, नेहमीसारखं.

"मी आहे त्यात."

सगळ्या वळल्या. मी सांगत सुटले. एका दमात, थांबले असते तर परत बोलले नसते. मी धावत बोलवायला गेले, मामा आंघोळ करत होता, पोरींना दाखवायचं होतं, मीच म्हटलं फोटोत ये, मीच म्हटलं अजून एक, डोळे मिटलेत तुझे, तो माझ्याकडं वळला म्हणून, माझ्याकडं बघायला वळला म्हणून. बोलून झालं. मी मम्मीच्या हाताकडं बघत होते. मला वाटलं आता मारेल. मला पाहिजे होतं की तिनं मारावं.

मम्मी म्हणाली, "फोटू कुठाय?"

"डिलीट केला."

"कवा?"

"तिथंच. पायरीवर."

"कसा होता त्यात?"

"हसत होता," मी म्हटलं. "डोळे मोठे करून. कानाजवळ साबण राहिला होता."

मम्मी खाली बसली. खुर्ची नव्हती तिथं, जमिनीवरच. सुनेसारखी बाई तिला धरायला पुढं आली, आजीनं हातानंच थांबवलं. तीन वर्षं ती गेटपासच्या फोटोला रोज सांगत होती की हा दिगू नाही, आणि तिचा दिगू माझ्या हातात होता, आणि मी तो पुसून टाकला होता. मला हे त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मी फक्त माझा गुन्हा पुसला होता. त्यात तिचा भाऊ होता.

बऱ्याच वेळानं ती उठली. बरणीसमोर गेली, आजीनं पुसलेल्या जागी नाक काचेला टेकेल इतकी वाकली. मम्मी असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवणारी नव्हती, नागिणीच्या सिरीयलला हसायची. एक डोळा मिटून, सुईत दोरा ओवताना बघतात तसं ती नागाच्या पांढऱ्या डोळ्यात बघत राहिली.

"तू नाईस ह्यात," ती मला म्हणाली, मागं न बघता. "तू लांब होतीस. ह्याच्या म्होरं दिगू होता." मग जरा थांबून, हळूच, जणू बाकी कुणी ऐकू नये, "वाळलं तर त्योबी जाईल की गं."

ती काचेपासून सरळ झाली.

"पल्लवे, औषध आण."

मी कॅन आणला. हातमोजे आणले, खिडक्या उघडल्या, बायकांना दाराबाहेर उभं केलं, सगळं सरांनी शिकवलेलं. मम्मीनं ओढणी नाकाला बांधली, झाकणाभोवतीचं मेण सुरीनं काढलं. नागपंचमीला सुरी. आजीनं बघितलं. एक बाई म्हणाली, थोडं दूध घालू का आत, तर मम्मी आणि आजी एकदम ओरडल्या, "नासंल ते!" आणि मग तिथं कोण हसलं पहिल्यांदा ते मला आठवत नाही, पण मम्मीच्या ओढणीच्या आतून काहीतरी आवाज आला होता.

ती सावकाश ओतत होती, धार काचेच्या कडेनं, डोक्यावर पडू नये म्हणून. पाणी मानेला आलं. फण्याला आलं. वाळलेल्या कातडीतून बारीक बारीक बुडबुडे निघाले, जसं काही तो इतके दिवस धरून ठेवलेला श्वास सोडतोय. मग डोळ्याला आलं, आणि डोळा बुडला. मम्मी ओतायची थांबली नाही, गळ्यापर्यंत भरली, झाकण लावलं, हात पुसले. मग बायका आत आल्या, काचेवर हळदी-कुंकवाची बोटं उठली, लाह्या टेबलावर पडल्या. मम्मीनं कुंकू नाही लावलं. ती बाजूला उभी राहिली. सगळ्या गेल्यावर तिनं टेबलावरच्या चार लाह्या उचलल्या, दोन मला दिल्या. त्यांना तो वास होता. मी खाल्ल्या.

त्या दिवशी घरी विळी निघाली नाही. आणि मम्मी मला कधीच म्हणाली नाही की तुझी चूक नव्हती. मी खूप दिवस वाट बघितली त्या वाक्याची. आता नाही बघत. म्हणाली असती तर खोटं बोलली असती आणि मला कळलं असतं.

सर आता नाहीत, पण खोल्या आहेत, आणि किल्ली अजून मम्मीकडंच आहे. दर महिन्याला ती औषध पाजायला जाते, एकतीस नंबरला सगळ्यात आधी. मला सुट्टी असली की मीपण जाते, कॅन धरायला, आता तिच्या हाताला कंप असतो. काचेवर त्या बायकांच्या कुंकवाचा एक ठसा राहिलाय, ती तेवढा सोडून बाकी काच पुसते. भरून झालं की ती बाजूला होते आणि मला पुढं करते. तिची नजर कमी झालीय, सरांसारखीच. मी वाकते. पांढरा डोळा, त्यात काही नाही, कधीच काही नसतं.

"दिसला का?" ती विचारते.

"दिसला."

"हसलालाय का?"

आणि मी म्हणते, हो मम्मी, हसलालाय.